जुन्या गाडीच्या ब्रेकमधून आवाज येतो, त्याचे कारण कसे शोधावे

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की ब्रेक दाबल्यावर केव्हा ना केव्हा आवाज येऊ लागतोच. काही मालक ‘पावसामुळे असेल’ असे म्हणून तो महिनोन्महिने ऐकत राहतात, तर काही जण गाडी गॅरेजमध्ये लावून ‘पॅड बदलून टाका’ एवढेच सांगून मोकळे होतात. पहिल्या प्रकारात पॅडवर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर घासणाऱ्या तुकड्यांवर, भागणारे काम डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, बदलण्यापर्यंत जाते आणि दुसऱ्या प्रकारात बरेचदा चांगले पॅड फेकले जातात, मूळ दोष तसाच राहतो आणि आवाज पुन्हा सुरू होतो. हे टाळायचे असेल, तर आवाज कसा आहे यापेक्षा तो नेमका केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, याकडे आधी लक्ष द्यावे. चिरका आवाज चार निरनिराळ्या कारणांनी येऊ शकतो, परंतु फक्त सकाळच्या पहिल्या दोन-तीन ब्रेकला येणारा चिरका आवाज आणि अर्धा तास गाडी चालल्यावर सुरू होणारा चिरका आवाज यांचे कारण सहसा एक नसते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा कर्कश आवाज येत असेल, पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल किंवा स्पंजासारखे मऊ लागत असेल, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जात असेल किंवा डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही जळत असेल, तर कारण शोधण्यासाठी गाडी चालवून पाहू नये. ती जिथे असेल तिथे सुरक्षित उभी करावी आणि टो करून न्यावी. पुढे सांगितलेल्या चाचण्या पेडल घट्ट आणि नेहमीच्या उंचीवर आहे, गाडी सरळ थांबते आहे आणि तक्रार केवळ आवाजाची आहे, अशाच गाडीसाठी आहेत.

आधी ऐकणे, मग उघडणे

चाचणीसाठी घोडबंदर रस्ता किंवा ठाणे-बेलापूर रस्ता उपयोगाचा नाही. तिथे मागच्या गाडीचे भान ठेवावे की आवाजाचे, हाच प्रश्न पडतो. नवी मुंबईत राहणाऱ्यांना सेक्टरमधले आतले रस्ते रविवारी सकाळी लवकर मोकळे मिळतात. ठाण्यातही वसाहतींच्या आतल्या रस्त्यांवर त्या वेळी वर्दळ कमी असते. एसीचा पंखा आणि गाणी बंद करावीत, चारही काचा खाली घ्याव्यात आणि शक्य असल्यास एखाद्या लांब कंपाउंड भिंतीच्या कडेने ताशी २० ते ३० किलोमीटर वेगाने गाडी न्यावी. भिंतीवर आदळून परत येणारा आवाज त्या बाजूच्या चाकाचा असतो आणि आश्चर्य वाटावे इतका स्पष्ट ऐकू येतो. भिंत आधी डाव्या हाताला ठेवावी, मग वळून येऊन उजव्या हाताला ठेवावी. आवाज कोणत्या बाजूचा आहे हे बहुतेक वेळा एवढ्यातच कळते. सोबत कोणी असेल तर त्याला मागच्या सीटवर बसवावे, कारण चालकाला मागच्या चाकांचा आवाज अनेकदा पुढून आल्यासारखा वाटतो.

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ही चाचणी करू नये. तिथल्या रंगवलेल्या गुळगुळीत फरशीवर टायर स्वतःच चिरकतात आणि निष्कारण ब्रेकवर संशय येतो.

आवाज पुढचा की मागचा, हे ठरवण्याची एक सोपी युक्ती आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम (बंद डब्यासारखे ब्रेक, ज्यांत शू नावाचे वक्र तुकडे आतून दाबले जातात) असतात आणि हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर काम करतो. कोरड्या, सपाट, सरळ आणि पूर्ण रिकाम्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या आत असताना हँडब्रेकचे बटण अंगठ्याने दाबून धरून दांडा हळूहळू वर घ्यावा. बटण सोडायचे नाही, म्हणजे चाके अडकू लागल्यास दांडा लगेच खाली करता येतो. तोच आवाज आला, तर दोष मागे आहे. आला नाही, तर पुढच्या चाकांकडे आधी पाहावे.

या सगळ्याची नोंद कागदावर करावी: गाडी थंड असताना की तापल्यावर, हलक्या ब्रेकला की जोराच्या, पुढे जाताना की रिव्हर्समध्ये, सरळ रस्त्यावर की वळणावर, आणि रात्री पाऊस झाला होता का. पाच-सहा ओळींची ही नोंद मेकॅनिकच्या हातात दिली, तर त्याचा अर्धा वेळ वाचतो आणि अंदाजाने भाग बदलण्याचा मोहही होत नाही.

सकाळचा आवाज

डिस्क ओतीव लोखंडाची असते आणि पॅड जिथे घासतात त्या तिच्या पृष्ठभागावर रंगाचा थर नसतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळपर्यंत तांबूस गंज धरतो. वाशी, नेरूळ, ऐरोली किंवा कोपरी अशा खाडीजवळच्या भागांत हवेतल्या दमटपणात खारेपणाही असल्याने हा गंज पावसाळ्याबाहेरही दिसतो. पहिल्या काही ब्रेकना खरखर येते आणि पॅडने गंज पुसून काढला की ती जाते. याला काहीही करावे लागत नाही.

गाडी दोन-तीन आठवडे हललीच नसेल, तर गोष्ट थोडी वेगळी होते. पॅड जिथे टेकलेले असतात तिथे डिस्कवर त्यांचा ठसा उमटतो आणि गाडी निघताना ‘खट्’ असा आवाज होऊन नंतर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक बारीक ठोका जाणवतो. काही किलोमीटर चालवल्यावर तो जायला हवा. गेला नाही, तर गंज खोलवर गेला आहे असे समजून डिस्क काढून पाहावी. हँडब्रेक ओढून पावसात दीर्घकाळ उभ्या केलेल्या गाडीचे ड्रममधले शू तर इतके चिकटतात, की मागचे चाक फिरतच नाही. गावी जाताना गाडी सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवून चाकापुढे आणि चाकामागे वीट किंवा लाकडी ठोकळा लावावा आणि हँडब्रेक मोकळा सोडावा.

चिरका आवाज आणि आतला पॅड

बऱ्याच पॅडना पोलादाची एक बारीक पट्टी बसवलेली असते. घासणारा थर दोन ते तीन मिलिमीटर उरला, की ती पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळल्यासारखा आवाज करू लागते. काही गाड्यांत हा आवाज ब्रेक दाबल्यावर येतो, तर काहींत गाडी नुसती चालत असतानाही येतो आणि ब्रेक दाबल्यावर बदलतो किंवा थांबतो. ‘ब्रेक दाबला की आवाज जातो, म्हणजे ब्रेकचा दोष नाही’ असा निष्कर्ष म्हणूनच काढू नये. नव्या पॅडचा थर साधारण दहा ते बारा मिलिमीटर असतो आणि तीन मिलिमीटरवर आला की तो बदलावा.

अलॉय चाकांच्या गाडीत आऱ्यांमधून टॉर्च मारली, की बाहेरचा पॅड दिसतो. मात्र डिस्कच्या पलीकडे आतल्या बाजूला दुसरा पॅड असतो आणि तो चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही. जुन्या गाड्यांमध्ये खरी गोम बहुतेक वेळा तिथेच असते. नेरूळमधल्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या जुन्या हॅचबॅकचे पॅड एका गॅरेजने बदलून दिले होते आणि तरीही वर्ष पुरे होण्याआधीच उजव्या चाकातून आवाज सुरू झाला. बाहेरून पाहिले तर पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक होता. चाक काढून कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उचलला, तेव्हा आतल्या पॅडचा थर एका टोकाला इतका झिजला होता, की तिथे मागची लोखंडी पाटी डिस्कला घासू लागली होती. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांपैकी खालच्या पिनेचे रबरी बूट फाटले होते आणि त्यातून पाणी व गाळ आत जाऊन पिनेवर तपकिरी चिखलासारखा थर बसला होता. वरची पिन बोटाने सरकत होती. खालची पक्कडीने फिरवत बाहेर काढावी लागली. कॅलिपर सरकतच नसल्याने पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड सगळा दाब सोसत होता आणि बाहेरचा जवळजवळ रिकामा बसून होता. पॅड कितीही वेळा बदलले असते, तरी हे असेच झाले असते.

म्हणून पॅड बदलताना दोन्ही पिना बाहेर काढून स्वच्छ करणे, रबरी बूट तपासणे आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉनयुक्त ग्रीस लावणे हे कामाचाच भाग मानावे. नेहमीचे पिवळे ग्रीस इथे चालत नाही. खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. पिना मोकळ्या असूनही आतलाच पॅड अधिक झिजला असेल, तर पिस्टन मागे सरकत नाही असे समजावे आणि त्याचे सील व धूळरोधक रबर बदलून घ्यावे.

पॅड जाड आहेत, पिना मोकळ्या आहेत आणि तरीही चिरका आवाज येतो, असेही घडते. माजिवडा ते गायमुख अशा रांगेत तासभर ब्रेकवर पाय ठेवून सरकताना किंवा येऊरचा उतार न्यूट्रलमध्ये केवळ ब्रेकवर उतरताना पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा चकचकीत होतो आणि मग तो डिस्क पकडण्याऐवजी तिच्यावर थरथरतो; ती थरथर म्हणजेच तो आवाज. अशा पॅडवर सँडपेपर मारून देण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे. पॅड चांगला असेल तर त्याने काही काळ आराम पडतो, परंतु उतारावर दुसऱ्या गिअरचा आधार घेण्याची सवय लागली नाही, तर चकाकी परत येते. पॅडच्या पाठीमागे बसणारी पातळ पट्टी, म्हणजे शिम, जागेवर आहे का हेही पाहावे. घाईच्या कामात ती बरेचदा जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जाते. सर्वांत स्वस्त मिळणारे कडक पॅड नवे असतानाही आवाज करतात. एवढ्या महत्त्वाच्या भागात थोडे पैसे वाचवणे मला कधीच पटलेले नाही.

घासल्याचा आवाज

पॅड संपून पाटी डिस्कला घासू लागली, की खरवडल्यासारखा जाड आवाज येतो आणि त्याची थरथर पेडलमधून पायाला जाणवते. डिस्क पूर्ण थंड झाल्यावर तिच्यावर आतून बाहेर नख फिरवावे. नख अडकेल अशा खाचा असतील आणि कडेला उंच कंगोरा उभा राहिला असेल, तर जाडी मोजणे भाग आहे. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. लेथवर घासून घेतल्यानंतरही जाडी त्या आकड्याच्या वर राहणार असेल, तरच लेथचा विचार करावा. एरवी डिस्क बदलावी आणि ती दोन्ही बाजूंची एकदम बदलावी, कारण एक जुनी आणि एक नवी डिस्क असेल तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढू शकते.

पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा, बारीक, पण ब्रेक दाबला नसतानाही येणारा आवाज मात्र घाबरण्यासारखा नसतो. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची ढाल असते. रस्त्याच्या कामांच्या ठिकाणी पसरलेल्या खडीतला एखादा खडा तिच्यात आणि डिस्कमध्ये अडकला, की चाकाच्या फेऱ्यागणिक करकर सुरू होते. मोकळ्या जागेत गाडी थोडी रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे आणली, की अनेकदा खडा आपोआप पडतो. नाही पडला, तर चाक काढून तो काढावा आणि ढाल वाकली असल्यास हाताने डिस्कपासून दूर करावी. पंधरा पावसाळे पाहिलेल्या गाडीत ही ढाल गंजून सुटलेलीही सापडते.

खट्, धडधड आणि इतर

ब्रेक दाबताच एकदाच ‘टक्’ होत असेल, आणि रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबल्यावर पुन्हा एकदाच होत असेल, तर पॅड त्यांच्या खोबणीत पुढेमागे आपटत आहेत. त्यांना घट्ट धरणाऱ्या स्टीलच्या क्लिपा गायब किंवा सैल झालेल्या असतात. आवाज जड असेल, पायाखालच्या फरशीत जाणवत असेल आणि खड्ड्यांमधूनही येत असेल, तर संशय ब्रेकवरून काढून चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या बुशवर (रबरी सांध्यावर) आणि बॉल जॉइंटवर न्यावा. क्लच सोडताना गाडी निघते तेव्हाही तसाच धक्का बसत असेल, तर इंजिन माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार, पाहावेत. बुश, बॉल जॉइंट किंवा इंजिन माउंटचा दोष असताना मेकॅनिकने थेट ब्रेक उघडला, तर वेळ वाया जातो.

वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर दोष पुढच्या डिस्कमध्ये आणि केवळ सीट व पेडल हलत असेल तर बहुधा मागच्या ड्रममध्ये असतो. ‘डिस्क वाकली’ असे यावर सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते किंवा ती ज्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बसते तिथे साचलेल्या गंजामुळे ती किंचित तिरकी बसलेली असते. नवी डिस्क गंजलेल्या हबवर तशीच बसवली, तर थोड्याच दिवसांत तोच त्रास होतो. हबचा पृष्ठभाग आधी तारेच्या ब्रशने घासून घेण्याचा आग्रह धरावा. एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाके अडकू न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत अचानक जोराचा ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरते आणि घर्रर् असा आवाज येतो, तो मात्र यंत्रणा काम करत असल्याचा आहे. देशात सर्व नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत ते आहे की नाही हे पुस्तिकेत पाहून घ्यावे.

पेडल दाबल्यावर पायाजवळ सतत फुस्स असा हवेचा आवाज येत असेल, तर बूस्टर, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग, तपासावा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, मग ते दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूम नळी गळते आहे.

मागचे ड्रम

ड्रम बंद असल्यामुळे त्यात झिजेची भुकटी साठत राहते आणि तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली, की तिच्यात गाळ मिसळतो. वेग कमी होत असताना येणारी घुं-घुं किंवा थांबण्याच्या क्षणी येणारी कुरकुर बहुतेक वेळा याचीच असते. पाण्यातून बाहेर आल्यावर मागे गाडी नाही हे पाहून काही अंतर हलका ब्रेक दाबत हळू जावे, म्हणजे शू कोरडे होतात. तरीही आवाज टिकला, तर ड्रम उघडावे लागतात.

इथे आरोग्याची बाब आहे आणि ती कळकळीने सांगावीशी वाटते. जुन्या शूच्या लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या थरामध्ये, ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू श्वासावाटे आत गेले तर फुप्फुसांना कायमची इजा करतात. त्यामुळे ती भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमधल्या पोराने हवेचा पाइप उचलला, तर त्याला थांबवावे; त्याच्या तब्येतीचाही हा प्रश्न आहे.

ड्रम उघडल्यावर शू जिथे मागच्या पाटीवर सरकतात, त्या उंचवट्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर लागतो; ते कोरडे पडले, की कुरकुर होते. त्यानंतर शू दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड हळूच उचलून पाहावी. आत ओल दिसली, तर सिलिंडर गळतो आहे. ब्रेक ऑइल लागलेले शू धुऊन पुन्हा वापरू नयेत, दोन्ही बाजूंचे बदलावेत.

ब्रेक ऑइल स्वतः आवाज करत नाही, पण ते हवेतली ओल शोषते आणि ती ओल पिस्टनला आतून गंजवते. अडकणारे पिस्टन आणि वेडीवाकडी झीज पुढे त्यातूनच सुरू होते. डॉट ४ या प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओल शोषल्यावरची त्याची किमान मर्यादा १५५ अंश आहे. आपल्या दमट हवेत ते साधारण दोन वर्षांनी बदलणे बरे. डब्यातली पातळी हळूहळू उतरली असेल, तर ती लगेच भरू नये. पॅड झिजल्यामुळेही पातळी उतरते आणि तपासणीत तीच उपयोगी खूण ठरते.

चाक स्वतः काढून पाहणाऱ्यांनी गाडी सपाट, टणक जागेवर लावावी, विरुद्ध बाजूच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातपाय घालू नयेत. गॅरेजमध्ये काम करून घेतल्यास काढलेले जुने पॅड आणि शू परत मागावेत. आतला व बाहेरचा पॅड शेजारी ठेवला, की झीज सारखी झाली आहे की नाही, हे कोणालाही दिसते.

नवे पॅड बसवल्यावर पेडल घट्ट होईपर्यंत ते उभ्या गाडीतच काही वेळा दाबावे, मगच गाडी हलवावी. त्यानंतर पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवावा, पूर्ण थांबू नये, आणि प्रत्येक वेळी मध्ये डिस्क निवण्यापुरते अंतर जाऊ द्यावे. असे आठ-दहा वेळा केल्याने पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये थोडी कुरकुर राहिली तर चालेल. त्यानंतरही तोच आवाज त्याच परिस्थितीत येत असेल, तर आधी केलेली नोंद पुन्हा काढून तिच्यातील कोणत्या ओळी बदलल्या आणि कोणत्या तशाच राहिल्या, हे पाहून तपास पुढे न्यावा.